झाडं वाढली की झाडांचे आकडे?

जळगावहून भुसावळकडे निघालं की नशिराबाद लागतं. सुरत-नागपूर-कोलकाता जोडणारा हा जुना सहा नंबरचा महामार्ग, आता तो त्रेपन्न नंबरचा झाला. चौपदरीकरणात त्याच्या कडेची जुनी झाडं गेली. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना इथल्या एखाद्या चहाच्या टपरीवर झाडांचा विषय काढून बघा. जुना माणूस म्हणेल, "काय निंब होते रे भो या रोडवर! आता सावलीले जागा नाही." शेजारचा तरुण म्हणेल, "पण लावली ना बाबा नवी! दुभाजकात, कॉलनीत, शाळेत. आधी एवढी झाडं होती का गावात?"

मग प्रश्न येतो, आणि तो फक्त नशिराबादचा नाही. जळगाव, धुळे, पुणे, मुंबई, कुठेही तो तसाच विचारला जातो: झाडं वाढली की कमी झाली?

गंमत अशी की टपरीवरची ती दोन्ही माणसं एकाच वेळी बरोबर असू शकतात. ते कसं, हे या प्रकरणात पाहू. त्यासाठी एक काल्पनिक रस्ता सोबत घेऊ. २०१५ साली त्यावर ४०० झाडं होती आणि २०२५ साली ४२० आहेत, असं समजा. हाच रस्ता शेवटपर्यंत आपल्याबरोबर राहील. एकेका पायरीला त्याचं वेगळं चित्र काढू आणि दर वेळी उत्तर कसं बदलतं ते बघू.

१. आधी ठरवा, झाड कशाला म्हणायचं

मोजायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत भांडण होतं. गुडघ्याएवढं रोप झाड धरायचं का? कुंपणाची मेंदी? आणि केळी? खान्देशात हा प्रश्न थट्टेचा नाही, कारण गावाबाहेर पडलं की हिरवं दिसतं ते बरंचसं केळीचंच असतं. पण केळीला लाकडाचं खोड नसतं. आपण ज्याला खोड म्हणतो ती पानांच्या देठांची एकावर एक बसलेली गुंडाळी असते. म्हणून केळी कितीही उंच झाली तरी वृक्षगणनेत ती बसत नाही.

म्हणून मोजणी करणारे आधी नियम लिहून घेतात. रस्त्याचं झाड म्हणजे रस्त्याच्या कडेला, पदपथावर किंवा दुभाजकात उभं असलेलं, लाकडी खोडाचं झाड. कुणाच्या अंगणातलं नाही, बागेतलं नाही. खोडाचा घेर जमिनीपासून १३७ सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर मोजायचा. बुंध्याशी मोजत नाहीत, कारण तिथे मुळं फुगलेली असतात. निंबाच्या बाबतीत दुसरीही अडचण असते. बऱ्याचदा बुंधा काँक्रीटमध्ये गळ्यापर्यंत रुतलेला असतो, वर चुना-गेरूचे पट्टे असतात, आणि त्याच्याही वर खिळ्याने ठोकलेली क्लासची पाटी. टेप खरबरीत सालीवर सरळ बसवायची तर पाटीच्या खालून सरकवावी लागते.

हे नियम कंटाळवाणे वाटतात. पण पाच वर्षांनी दुसरा कुणी मोजायला येईल आणि त्याने नियम बदलला, तर झाडं जागची न हलता आकडा हलेल.

२. एक मोजणी म्हणजे फोटो, बदल दिसायला दोन फोटो हवेत

मुंबईचंच उदाहरण घ्या. २००८ च्या वृक्षगणनेत मुंबईत १९ लाख १७ हजारांच्या आसपास झाडं निघाली. २०१८ च्या गणनेत आकडा २९ लाख ७५ हजारांवर गेला. दहा वर्षांत ५५ टक्के वाढ! याच दहा वर्षांत मुंबईत काय काय उभं राहिलं, ते आठवा. एवढ्या झाडांना जागा कुठून मिळाली?

काही झाडं खरोखर लावली गेली असतील. पण मोजण्याची पद्धतही बदलली होती. आधीची गणना हाताने झाली होती. नंतरच्या गणनेत मोजणाऱ्यांच्या हातात जागेचे अक्षांश-रेखांश टिपणारी जीपीएस यंत्रं होती आणि नोंदी संगणकाच्या नकाशावर बसत होत्या. आधी निसटलेली झाडं यावेळी हाती लागली. घरात दिवा मंद असताना पाच माणसं दिसली आणि ट्यूबलाइट लावल्यावर आठ दिसली, तर तीन जण आत्ता जन्मले असं कुणी म्हणत नाही.

आता न्यूयॉर्क बघा. त्या शहराने रस्त्याकडेची झाडं दर दहा वर्षांनी मोजली. १९९५ मध्ये ४,९८,४७० निघाली, २००५ मध्ये ५,९२,१३०, आणि २०१५ मध्ये ६,६६,१३४. तिन्ही वेळा रस्त्याचीच झाडं मोजली आणि तिन्ही वेळा शेकडो-हजारो नागरिक स्वयंसेवक मोजायला उतरले. २०१५ मध्ये त्यांच्याकडे लांब दांडीचं मोजचाक होतं. गल्लीच्या कोपऱ्यापासून चाक ढकलत जायचं आणि प्रत्येक झाड किती अंतरावर आहे ते लिहायचं. त्यामुळे झाड नकाशावर नेमकं बसतं. १९९५ च्या नोंदीत झाडाची जागा म्हणजे जवळच्या घराचा पत्ता एवढंच होतं.

हा फरक छोटा वाटतो, पण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. "अमुक घरासमोर एक झाड" अशी १९९५ ची नोंद आणि २०१५ मध्ये त्याच घरासमोर एक झाड. ते तेच झाड आहे की जुनं पडून नवं लावलं? पत्त्यावरून कळत नाही. माणसाला आधार क्रमांक असतो, तसा प्रत्येक झाडाला कायमचा क्रमांक आणि नकाशावरची नेमकी जागा असेल तरच दोन मोजण्या एकमेकींना जोडता येतात. रंगाने खोडावर लिहिलेले आकडे दोन पावसाळ्यांत पुसट होतात आणि झाड वाढलं की सालीबरोबर फाटतात.

३. बेरजेच्या पोटात काय दडलंय

आपल्या रस्त्याकडे येऊ. ४०० ची ४२० झाली. साधा स्तंभालेख काढला तर दोन स्तंभ, दुसरा किंचित उंच. वर्तमानपत्रात मथळा येईल, "झाडांत पाच टक्के वाढ."

आता प्रत्येक झाडाला क्रमांक होता असं समजा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. २०१५ च्या ४०० पैकी २५० झाडं आजही उभी आहेत. १५० दिसत नाहीत. आणि १७० अशी आहेत जी जुन्या यादीत नव्हतीच. २५० आणि १७० मिळून ४२०. हिशेब जुळला, पण मथळा लटका पडला. शंभरातली सदतीस-अडतीस झाडं जिथून नाहीशी झाली, त्या रस्त्याला "पाच टक्के वाढ" असं म्हणणं म्हणजे लग्नघरात पाहुणे मोजून कुणी गेलंच नाही असं म्हणण्यासारखं आहे.

गावाची लोकसंख्याही अशीच बदलते. जन्म, मृत्यू, बाहेर गेलेले, आत आलेले. म्हणून बदलाचं पहिलं खरं चित्र तीन रंगांचं असतं. नकाशावर राहिलेलं झाड एका रंगाचा ठिपका, गेलेलं दुसऱ्या, नवं तिसऱ्या. असा नकाशा समोर आला की बेरजेत न दिसलेली गोष्ट चटकन दिसते. गेलेले ठिपके एका बाजूला ओळीने लागलेले असतात, जिथे रस्ता रुंद झाला. नवे ठिपके दुसरीकडे झुबक्याने असतात, एखाद्या शाळेच्या भिंतीशी किंवा नव्या कॉलनीत. टपरीवरचा जुना माणूस पहिल्या ओळीत बसलेला होता, तरुण दुसऱ्या झुबक्याजवळ राहतो. भांडण तिथून सुरू झालं होतं.

४. एकर गेला, गुंठा आला

आतापर्यंत प्रत्येक झाडाला आपण एक ठिपका दिला. रोपालाही एक, पन्नास वर्षांच्या निंबालाही एक. मतदानात हे चालतं, सावलीत चालत नाही.

छोटं गणित करू. मोठ्या निंबाच्या छत्रीचा व्यास १० मीटर धरा. वर्तुळाचं क्षेत्रफळ म्हणजे ३.१४ गुणिले त्रिज्या गुणिले त्रिज्या. त्रिज्या ५ मीटर, म्हणून ३.१४ × ५ × ५ = ७८.५ चौरस मीटर. नव्या रोपाची छत्री एक मीटर रुंद धरा. त्रिज्या अर्धा मीटर, म्हणून ३.१४ × ०.५ × ०.५ = ०.७८५ चौरस मीटर. रुंदी दहापट कमी, सावली शंभरपट कमी. एका जुन्या निंबाच्या सावलीची भरपाई आज करायची तर शंभर रोपं हवीत.

हे आपल्या रस्त्याला लावा. गेलेली १५० झाडं मोठी होती असं धरू. १५० × ७८.५ म्हणजे ११,७७५ चौरस मीटर. एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा, तेव्हा हे झाले सुमारे ११६ गुंठे, म्हणजे जवळजवळ तीन एकर सावली. आलेली १७० रोपं: १७० × ०.७८५, म्हणजे १३३ चौरस मीटर. सव्वा गुंठ्याहून थोडी जास्त.

तीन एकर गेले आणि सव्वा गुंठा आला, तरी कागदावर पाच टक्के वाढ. खान्देशातल्या शेतकऱ्याला हे समजवायला दुसरा कुठलाही आलेख लागणार नाही.

चित्र काढायचं तर ठिपक्याऐवजी छत्रीएवढं वर्तुळ काढायचं, नकाशाच्या प्रमाणात. मग रस्ता दोन्ही साली कसा दिसत होता ते डोळ्यांनाच कळतं.

रोपं मोठी होतील, हेही खरं. पण सगळी नाही. अमेरिकेतल्या शहरांमधले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा रस्त्याकडेची झाडं दर वर्षी साधारण साडेतीन ते पाच टक्के मरतात असं दिसलं. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण हे चक्रवाढ व्याज आहे, उलट्या दिशेचं. १०० रोपांपैकी दहा वर्षांनी ६० उरतात आणि वीस वर्षांनी ३६. सावली द्यायच्या वयाला पोचेपर्यंत जवळजवळ दोन तृतीयांश गेलेली असतात. इथे तर उन्हाळ्यात टँकर चुकला की एका मे महिन्यातच वर्षभराचा वाटा संपतो.

म्हणून तिसरं चित्र वयाच्या मनोऱ्याचं. झाडाचं वय बाहेरून कळत नाही, घेर कळतो, म्हणून घेराचे गट पाडतात. ३० सेंटिमीटरपर्यंत, ३० ते ९०, ९० ते १५० आणि त्याहून मोठी. प्रत्येक गटासाठी एक आडवी पट्टी, लहान झाडं तळाला. निरोगी रस्त्याला तळ रुंद असतो आणि वर जाताना पट्ट्या हळूहळू आखूड होतात, म्हणजे म्हाताऱ्या झाडांच्या मागे वारस उभे असतात. आपल्या रस्त्याचा मनोरा मात्र डमरूसारखा दिसेल. खाली १७० रोपं, वर अडीचशे जुनी झाडं आणि मधली पट्टी जवळपास रिकामी. या रिकाम्या पट्टीचा अर्थ एवढाच की मधली दहा-वीस वर्षं इथे झाड लावून जगवलं नाही. एकदाच काढलेल्या मनोऱ्यातही मागचा इतिहास असा वाचता येतो.

५. कोण गेलं, कोण आलं

आता जातींकडे. २०१५ मध्ये आपल्या ४०० झाडांत २६० निंब होते आणि ३० गुलमोहर. सप्तपर्णी एकही नव्हती. बाकीची ११० चिंच, वड, करंज वगैरे. २०२५ मध्ये निंब १७०, सप्तपर्णी ९०, गुलमोहर ८०, इतर ८०.

हे दाखवायला उतरत्या-चढत्या रेषांचं चित्र सगळ्यात सोपं. डावीकडे २०१५ ची उभी रेघ, उजवीकडे २०२५ ची. प्रत्येक जातीची टक्केवारी दोन्ही रेघांवर मांडायची आणि जोडायची. निंबाची रेषा ६५ टक्क्यांवरून ४० वर उतरते. सप्तपर्णी शून्यावरून २१ वर चढते. गुलमोहर साडेसातवरून १९ वर. तीन रेषांत दहा वर्षांची रोपवाटिका, दहा वर्षांची फॅशन आणि दहा वर्षांची टेंडरं दिसतात.

हे चांगलं की वाईट? इथे घाई करू नये. अमेरिकेतले वृक्षशास्त्रज्ञ फ्रँक सँटामोर यांनी १९९० मध्ये एक ढोबळ नियम सांगितला होता: शहरात एका जातीची झाडं १० टक्क्यांहून, एका प्रजातीगटाची २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून जास्त नसावीत. कारण साधं आहे. सगळं शेत एकाच वाणाचं असलं की एक रोग सगळं शेत नेतो. केळीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

न्यूयॉर्कमध्ये हे घडताना दिसलं. १९९५ च्या मोजणीत नॉर्वे मेपल ही जात पहिल्या क्रमांकावर होती. पुढच्याच वर्षी ब्रुकलिनमध्ये लांब मिशांचा एक आशियाई भुंगेरा सापडला. माल बांधायच्या लाकडी पेट्यांतून तो आला होता आणि मेपलचं खोड आतून पोखरत होता. लागण झालेली झाडं तोडावी लागली, त्या भागात मेपल लावणं थांबलं. २००५ च्या मोजणीत लंडन प्लेन पहिला आला आणि मेपल खाली सरकला. ज्यांच्याकडे आधीच्या मोजणीची पत्त्यांसकट यादी होती, त्यांना मेपल कुठल्या गल्लीत आहेत हे शोधत फिरावं लागलं नाही.

आपल्याकडेही २०२१ च्या सुमारास तेलंगणात निंबाचे शेंडे मोठ्या प्रमाणावर वाळल्याचं दिसलं. बुरशी आणि पानांतला रस शोषणारी कीड, दोन्हींची त्यात भूमिका होती. पुष्कळ निंब पुन्हा फुटले, पण ज्या रस्त्यावर शंभरात पासष्ट निंब आहेत, त्या रस्त्याने ही बातमी लक्ष देऊन वाचावी. म्हणजे आपल्या रस्त्यावर निंबाची टक्केवारी घटली, ही एका बाजूने चांगलीच गोष्ट आहे. वाईट हे की ती घटली मोठी झाडं तोडून. आणि निंबाची जागा दोनच जातींनी घेतली, त्यामुळे जोखीम फक्त वाटली गेली, संपली नाही.

६. आकाशातून बघितलं तर?

"एवढं टेप घेऊन कशाला फिरायचं? उपग्रह आहेत की!" हा प्रश्नही हमखास येतो.

उपग्रहाचं चित्र छोट्या चौकटींचं बनलेलं असतं, फरशी बसवलेल्या अंगणासारखं. एका फरशीला एकच रंग. लँडसॅट उपग्रहांची अशी चित्रं १९८४ पासून मिळतात, पण त्यांची एक फरशी ३० मीटर गुणिले ३० मीटरची, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठ्यांची असते. त्यात रस्ता, गटार, दुकानाचं छप्पर आणि निंब, सगळ्यांचा मिळून एक रंग. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं २०१५ पासून आहेत. त्यांची फरशी १० मीटर गुणिले १० मीटरची, म्हणजे बरोबर एक गुंठा धरा. आपल्या मोठ्या निंबाची छत्री ७८.५ चौरस मीटर होती, म्हणजे तो एका फरशीत जेमतेम मावतो, तेही तो फरशीच्या मधोमध उभा असेल तर. झाडांची दाट रांग अशा चित्रात दिसते. एकेकटं झाड सुटून जातं आणि रोप तर नाहीच दिसत.

गूगल अर्थवर याहून खूप बारीक चित्रं आहेत आणि मागच्या वर्षांचीही बघता येतात. त्यात एकेक छत्री ओळखू येते. दोन वर्षांची चित्रं शेजारी ठेवून रस्त्याच्या कडेने बोट फिरवत गेलं की गेलेली मोठी झाडं सापडतात. जुन्या मोजणीची यादीच नसेल, तिथे हा फार उपयोगी मार्ग आहे.

पण दोन सापळे लक्षात ठेवा. पहिला महिन्याचा. निंब फेब्रुवारी-मार्चात पानं गाळतो आणि गुढीपाडव्याच्या आसपास तांबूस कोवळ्या पालवीने भरतो. एक चित्र ऑक्टोबरचं आणि दुसरं मार्चच्या सुरुवातीचं घेतलं, तर उभे निंबही गायब झाल्यासारखे दिसतील. तुलना नेहमी एकाच महिन्याची. दुसरा सापळा हिरव्या रंगाचा. उन्हाळ्यात गावाच्या वेशीवर जो गडद हिरवा पट्टा दिसतो, तो ठिबकवरचा केळीचा मळा असतो. संगणकाला सांगितलं नाही तर तो त्यालाही वृक्षराजी समजून मोजतो आणि मग नशिराबादचं वनक्षेत्र एका हंगामात वाढतं.

आकाशातून छत्री दिसते, खोड दिसत नाही. घेर, जात, कीड, काँक्रीटचा फास हे खालूनच बघावं लागतं. पुणे महापालिकेने गेल्या दशकात झाडागणिक जागा टिपून गणना केली आणि चाळीस लाखांच्या घरातल्या नोंदी तयार केल्या. त्यात झाडाचं नाव, घेर, उंची, छत्रीचा व्यास, प्रकृती असे वेगवेगळे रकाने आहेत. हे रकाने कुणीतरी झाडाखाली उभं राहूनच भरले.

७. चित्र फसवतं ते कसं

खरे आकडे घेऊनही खोटं चित्र काढता येतं. चार सवयी ओळखून ठेवा.

कापलेला स्तंभ: एका वर्षी ९०० झाडं, दुसऱ्या वर्षी ९६०. स्तंभ शून्यापासून न काढता ८८० पासून काढला तर एक २० एवढा उंच, दुसरा ८० एवढा. साडेसहा टक्के वाढ चौपट दिसते. स्तंभ असेल तर तो जमिनीपासूनच उभा हवा.

हरवलेला भागाकार: गाव पसरलं, मोजायचे रस्ते एका किलोमीटरवरून तीन किलोमीटर झाले. झाडं १२० ची २१० झाली. वाढ? किलोमीटरमागे १२० होती, आता ७० आहेत. वाढत्या गावात झाडांचा आकडा नेहमी किलोमीटरने भागून बघावा.

फुगलेलं वर्तुळ: घेर दुप्पट झाला म्हणून वर्तुळाची रुंदीही दुप्पट काढली, की डोळ्याला ते चौपट दिसतं. डोळा रुंदी मोजत नाही, पसारा मोजतो.

पळणारी चित्रफीत: वर्षांमागून वर्षं सरकणारा नकाशा बघायला छान वाटतो, पण २०२५ दिसेपर्यंत २०१५ विसरलेलं असतं. त्यापेक्षा दोन-तीन लहान नकाशे, एकाच मापाचे, एकाच रंगांचे, शेजारी शेजारी ठेवा. डोळ्याला मागे-पुढे जाऊ द्या. रंग निवडताना गेलेलं लाल आणि नवं हिरवं असं करू नका. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, त्यांच्यासाठी सगळा नकाशा एकाच मातकट रंगाचा असतो. निळा आणि नारिंगी घ्या.

८. नशिराबादचं पहिलं चित्र

महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. नागरी क्षेत्रातल्या झाडांचं संरक्षण आणि जतन हा त्याचा विषय. वृक्ष प्राधिकरण आणि ठरावीक काळाने वृक्षगणना ही त्यातलीच कलमं. हा कायदा ग्रामपंचायतीला लागू नव्हता. नशिराबादची अलीकडे नगरपरिषद झाली, तेव्हा दर पाच वर्षांनी झाडं मोजणं आता इथलंही काम आहे.

२०२१ च्या दुरुस्तीने त्यात वारसा वृक्ष ही कल्पना आली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड म्हणजे वारसा वृक्ष. असं झाड तोडावंच लागलं तर त्याच्या वयाएवढी झाडं लावायची, सहा ते आठ फूट उंचीची, आणि सात वर्षं ती जगतात की नाही ते बघायचं. आपलंच गणित लावून पाहू. साठ वर्षांचा निंब गेला, साठ रोपं आली. साठ गुणिले ०.७८५ म्हणजे ४७ चौरस मीटर. गेले ७८.५. पहिल्या दिवशी भरपाई साठ टक्के. वर्षाला पाच टक्के मर धरली तर सात वर्षांनी ६० पैकी ४२ उरतील. ही बेचाळीस नीट वाढली तर पुढे जुन्या निंबाहून जास्त सावली देतील, वाढली नाहीत तर नाही. यातलं काय झालं हे सांगणारा एकच पुरावा असतो, सात वर्षांनी त्याच जागी जाऊन केलेली मोजणी. आणि निंब साठ वर्षांचा होता हे तरी कशावरून? जुना घेर कुठे लिहून ठेवलेला असेल तरच.

त्यासाठी नगरपरिषदेची वाट बघायची गरज नाही. शाळेतल्या नववीच्या एका वर्गाला एक रविवार पुरतो. एक किलोमीटर रस्ता घ्या. दोन्ही बाजूंना दर दहा मीटरला एक झाड असलं तरी दोनशेच होतात. तिघांचा गट करा, एक टेप धरणारा, एक मोबाइलवर जागा टिपणारा, एक लिहिणारा. वहीत सात रकाने: क्रमांक, जागा, नाव, घेर, छत्रीची रुंदी, प्रकृती, तारीख. छत्रीची रुंदी मोजायला दुपारी बाराला सावलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं टाका. नाव कळलं नाही तर पानाचा फोटो काढा आणि गावातल्या जाणत्याला दाखवा. जिथे नुसता बुंधा उरलाय त्याचीही नोंद करा. तो गेल्याची तारीख माहीत नसली तरी जागा तुमच्याकडे राहील.

मागच्या काळासाठी घराघरातले अल्बम उघडा. लग्नाच्या वरातीच्या फोटोत, मिरवणुकीच्या फोटोत नवरदेवाच्या आणि गणपतीच्या मागे रस्त्याची झाडं उभी असतात. मागच्या बाजूला लिहिलेलं साल आणि मागे दिसणारं एखादं ओळखीचं दुकान, एवढ्यावर तो निंब नकाशावर बसवता येतो. टपरीवरच्या जुन्या माणसालाही सोबत न्या. कुठे कुठे निंब होते ते त्याला पाठ असतं. त्याने दाखवलेली प्रत्येक जागा नकाशावर वेगळ्या खुणेने टिपा, कारण आठवण आणि मोजणी एकाच रंगात काढायची नसते.

ही वही पाच वर्षं सांभाळा. शाळेच्या कपाटात एक प्रत, नगरपरिषदेत एक, इंटरनेटवर एक. आज काढलेल्या नकाशात बदल दिसणार नाही, तो फक्त पहिला फोटो आहे. पण पहिला फोटोच नसेल, तर २०३० मध्येही टपरीवर तोच वाद होईल, तेच दोघे बरोबर असतील आणि सावलीचा हिशेब कुणाकडेच नसेल. पुढचा रविवार मोकळा असेल तर घरात शिवणकामाची टेप शोधा. सव्वा-दीड मीटरचीच असते ती. मोठ्या निंबाला अपुरी पडली, तर त्या झाडापासूनच यादी सुरू करा.